शनिवारवाड्यात खजिन्याचा शोध

महोदय,
मे महिन्याच्या सुटीत सोसायटीतल्या अकरा मुलांसाठी शनिवारवाड्यात 'खजिन्याचा शोध' हा खेळ मांडला. विषय एकच : पेशवाई. 'हत्तीलाही धडक मारू देत नाहीत, ते कोण?' ही चिठ्ठी वाचताच पोरं दिल्ली दरवाजाच्या अणकुचीदार खिळ्यांकडे धावली. पाचही दरवाजांची नावं पाठ झाली. हजारी कारंज्यापाशी मात्र धाकटी नात अडली. कमळाच्या पाकळ्या बोटानं मोजत सोळावर थांबली, पुन्हा मोजल्या. १८२८च्या आगीत वाडा जळाला, हे तिला तिथंच सांगितलं. ती जोत्याच्या दगडावर हात ठेवून बराच वेळ बसून राहिली. शाळांनी सहलीत हा खेळ जरूर ठेवावा. खर्च फक्त चिठ्ठ्यांचा. फक्त चिठ्ठ्या भिंतींवर चिकटवू नयेत, मुलांच्या हाती द्याव्यात.

— एक आजोबा, पुणे