फोटोतला पिवळा दिवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत टचस्क्रीन फायर अलार्म पॅनेलसाठी अर्धं पान दिलंत, त्याबद्दल आभार. एरवी डिटेक्टरांचा निरोप घेऊन भोंगे वाजवणाऱ्या या पेटीची आठवण इमारत जळाल्यावरच होते. पडदा केवढा, चित्रं किती सुबक, आणि मोबाइल वापरणाऱ्या कुणालाही पॅनेल कसं सहज चालवता येतं, हे लेखकाने मोठ्या हौसेने लिहिलं आहे. फक्त सोबत छापलेला फोटो एकदा भिंग घेऊन पाहा. व्यवस्थापक महाशय पॅनेलला टेकून हसत उभे आहेत आणि त्यांच्या कोपराशेजारी पिवळा दिवा पेटलेला आहे. पिवळा म्हणजे एकतर सिस्टिममध्ये बिघाड आहे, नाहीतर कुणीतरी काहीतरी डिसेबल करून ठेवलंय. तुमच्या छायाचित्रकाराला हे ठाऊक नसेल, समजू शकतो. व्यवस्थापकांचं काय? रंगकामासाठी एखादा झोन, म्हणजे इमारतीचा एक भाग, बंद केला असेल आणि रंगारी गेल्यावर तो चालू करायचा राहिला असेल, असा माझा अंदाज. दहापैकी नऊ वेळा तेच निघतं.

मी नोकरीभर इमारतींच्या देखभालीत होतो. निवृत्तीच्या थोडं आधी आमच्या ऑफिसच्या इमारतीतही असंच चकचकीत पॅनेल बसलं. जुन्या पॅनेलवर प्रत्येक झोनला एक लाल दिवा होता आणि त्याच्या शेजारी टाइप करून चिकटवलेली पट्टी: ‘तळमजला स्टोअर’, ‘दुसरा मजला, पूर्व जिना’. दिसायला गबाळं होतं, पण नवा वॉचमनसुद्धा ते वाचून सरळ त्या जागी धावायचा. नव्या पॅनेलमध्ये प्रत्येक डिटेक्टरचं नाव वेगळं ठेवता येतं. झोनच नव्हे, नेमकी खोली पडद्यावर येते. सोय खरोखर उत्तम आहे, नाही कोण म्हणतो? पण ती नावं आधी कुणीतरी भरावी लागतात. आमच्याकडे कुणी भरलीच नाहीत.

एका रात्री हूटर सुरू झाले. पडद्यावर लाल पट्टी: लूप २, डिव्हाइस ४७, स्मोक डिटेक्टर. लूप म्हणजे डिटेक्टर ओवलेली तारेची फेरी. त्यापुढे काही नाही. जागेच्या नावाची ओळ कोरी. रात्रपाळीचा गार्ड चलाख होता, पण चलाखीने ४७ नंबर कुठे लावलाय ते कळत नाही. नकाशे ऑफिसच्या कपाटात, कपाटाची किल्ली साहेबांच्या घरी. हूटर थांबवायला पिन हवा होता, तो दिवसपाळीच्या सुपरवायझरकडे. मी पोहोचलो तेव्हा फोनवर कुणीतरी वरिष्ठ त्याला ओरडून सांगत होते, ‘अरे, रीसेट मार, रीसेट!’

लेखात सायलेन्स आणि रीसेट ही दोन्ही बटणं एकाच वाक्यात उरकली आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो. सायलेन्स केलं की फक्त आवाज थांबतो, अलार्म पॅनेलवर कायम राहतो. रीसेट केलं की पॅनेल सगळं विसरून नव्याने बघू लागतं, आणि ज्या डिटेक्टरने अलार्म दिला त्याच्यावरचा लाल दिवाही विझतो. म्हणजे अंधारात शोधायची उरलेली एकमेव खूण आपल्याच बोटाने पुसायची! जागा सापडल्याशिवाय रीसेटला हात लावायचा नसतो. आमच्या वरिष्ठांना हे पटवता पटवता माझा अर्धा दम गेला, उरलेला जिने चढण्यात.

मजला न् मजला पालथा घातला. डिटेक्टर अखेर सापडला तो एका मीटिंग रूमच्या फॉल्स सीलिंगच्या वर. खाली रिमोट इंडिकेटर, म्हणजे वर लपलेल्या डिटेक्टरची खूण खाली दाखवणारा दिवा, बसवलेला नव्हता, त्यामुळे टॉर्च घेऊन सीलिंगच्या टाइल उचकटाव्या लागल्या. दिवसा केबलवाल्यांनी तिथे ड्रिल चालवलं होतं. डिटेक्टरवर प्लॅस्टिकची टोपी चढवण्याचे कष्ट कुणी घेतले नाहीत आणि सगळी बारीक पूड आत जाऊन बसली. हा डिटेक्टर आतल्या कप्प्यात प्रकाश विखुरला की धूर समजतो. धुळीने विखुरला काय आणि धुराने काय, त्याला दोन्ही सारखंच. आग नव्हती, हे आमचं नशीब.

दुसऱ्या दिवशी पॅनेल बसवणाऱ्यांना फोन केला. उत्तर ऐका: जागांची नावं भरणं कामात धरलेलं नाही, त्याचं वेगळं कोटेशन पाठवतो. पडद्यावर सुरू होताना त्यांच्या कंपनीचा लोगो मात्र झोकात फिरतो. तो भरायला वेगळं कोटेशन लागलं नसावं.

मग मीच संध्याकाळी बसून तक्ता केला. लूप, नंबर, मजला, खोली, सीलिंगच्या वर की खाली. लॅमिनेट करून पॅनेलशेजारी टांगला. पुढे पाहुणे यायचे होते म्हणून तो काढून ठेवला गेला. भिंतीवर बरा दिसत नाही म्हणे! त्याच्या जागी निसर्गचित्र लागलं. ते अजून आहे असं ऐकतो.

हे फक्त आमच्याकडेच घडतं असं वाटत असेल, तर पॅरिस आठवा. १५ एप्रिल २०१९ ला नोत्र दाम कॅथेड्रल पेटलं, तेव्हा अलार्म वेळेवर वाजला होता. पण पॅनेलवरच्या निरोपाचा उलगडा नीट झाला नाही आणि पहारेकरी मुख्य छताखालच्या माळ्याऐवजी शेजारच्या छोट्या इमारतीच्या माळ्यावर जाऊन पाहून आला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. चूक लक्षात येऊन अग्निशमन दलाला कळवेपर्यंत सुमारे अर्धा तास हातचा गेला. तिथे पडदा टचस्क्रीन होता की साधा, याला काडीचं महत्त्व नाही.

पिनवर माझा राग नाही. रीसेट आणि डिसेबल कुलपात हवेच, नाहीतर येणारा-जाणारा दाबत सुटेल. युरोपच्या ईएन ५४ मानकातही तशा पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. अलार्म कुठला हे मात्र कुणालाही, कसलाही पिन न टाकता दिसलं पाहिजे, आणि रात्री इमारतीत जो असतो त्याच्याकडे पिन हवा. आमच्याकडे सुपरवायझरकडे होता, साहेबांकडे होता, त्यांच्या पीएकडे होता, गार्डकडे नव्हता.

आता बॅटरी, जिचा लेखात उल्लेखही नाही. पॅनेलच्या पोटात १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीला एक जोडून मिळून २४ व्होल्ट, असतात. एएमसीवाला, म्हणजे वार्षिक देखभालीचा कंत्राटदार, येतो, पडद्यावर दोनदा टिचकी मारतो, ‘२७ व्होल्ट, ओके’ लिहितो आणि सही घेऊन जातो. अहो, चार्जर चालू असताना २७ च्या आसपासच दिसणार! तो आकडा चार्जरचा. मेन्स, म्हणजे बाहेरून येणारी वीज, बंद करा, हूटर वाजू द्या, मग मीटर लावा. चार-पाच वर्षांची जुनाट बॅटरी तिथे बघता बघता बसते. अमेरिकेचं एनएफपीए ७२ हे मानक साध्या हूटरच्या सिस्टिमलाही, वीज गेल्यावर २४ तास जागं राहून त्यानंतर ५ मिनिटं वाजण्याइतकी ताकद मागतं. फोटोतल्या त्या पॅनेलची मेन्स काढून कुणी पाहावी, अशी माझी नम्र विनंती आहे. पैज लावायलाही तयार आहे.

पडद्याच्या निगेबद्दल तर आनंदच. झाडलोट करणारे काच पुसायचा स्प्रे थेट पडद्यावर मारतात, पाणी कडेने आत उतरतं. मऊ कापड किंचित ओलं करून, तेही पडदा लॉक करून पुसायचं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. काही पडदे दाबावर चालतात आणि कालांतराने त्यांचं कॅलिब्रेशन, म्हणजे बोट आणि बटण यांचा मेळ, सरकतं. आमच्या पॅनेलवर सायलेन्स लागायला बोट बटणाच्या चांगलं वर टेकवावं लागायचं. बटणावरच टेकवलं तर खालचा मेनू उघडायचा. मोबाइलसारखे पडदे जाड हातमोज्यांना दाद देत नाहीत, आणि आग लागल्यावर पॅनेलसमोर येणाऱ्या जवानाच्या हातात तेच असतात. शिवाय पॅनेलचं घड्याळ. आमच्या त्या रात्रीचा अलार्म लॉगमध्ये भर दुपारी वाजल्याची नोंद आहे. चौकशीची वेळ आली असती तर आम्ही काय सांगणार होतो, कपाळ?

जाता जाता आणखी एक. त्याच पानावर खाली छोट्या चौकटीत छताला लावलेल्या स्प्रिंकलरचा फोटो आहे आणि त्याखाली ‘स्मोक डिटेक्टर’ असं छापलंय. एकातून पाणी पडतं, दुसऱ्यातून पडत नाही. छपाईपूर्वी तेवढं कुणाला तरी विचारत चला. आणि मागच्या खेपेला लिफ्टबद्दल लिहिलेल्या माझ्या पत्रातला तांत्रिक भाग वगळून तुम्ही फक्त माझी चिडचिड छापलीत. या वेळी जागा कमी पडली तर निसर्गचित्राचा किस्सा खुशाल कापा, पॅरिसही कापा. बॅटरीच्या परिच्छेदाला कात्री लावू नका.

आपला,
एक जुना वाचक
(निवृत्त, इमारत देखभाल विभाग)