बाबा, ह्यांच्या नावाचं बक्षीस नको

जेलरोड, नाशिकरोड

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, वर्षश्राद्धाच्या निमित्ताने ह्यांच्या नावाने दहावीत पहिल्या येणाऱ्याला बक्षीस ठेवू, रक्कम मी घालतो. मी त्यावर काही बोलले नाही. फोनवर ते धड सांगता आलं नसतं, म्हणून आज सवडीने लिहायला बसले आहे. बक्षीस नको. पैसे मात्र घेणार आहे, आणि सोबत तुम्हालाही कामाला लावणार आहे.

पहिल्या नंबराचं कौतुक करायला गाव असतं. ह्यांचा जीव अडकायचा तो पंचावन्न-साठ टक्क्यांवरच्या पोरात. त्याला कोणी नापासही म्हणत नाही आणि हुशारही म्हणत नाही, आणि एक दिवस तो शाळेत यायचा थांबला तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

आई, भाऊबीज झाली रे झाली की हे धुळ्याहून निघायची घाई करायचे, ते तुला लागायचं. जावईबापूंना आमच्याकडे करमत नाही, असं तू मावशीजवळ म्हणालीही होतीस. त्यामागचं कारण त्यांनी कधी तुला सांगितलं नाही, आज मी सांगते. दिवाळीनंतर भात निघाला की पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबं द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात. विरळणी, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, मग काढणी. परततात ती थेट होळीच्या सुमारास. सुट्टी संपून शाळा उघडते तेव्हा वर्गातली निम्मी पोरं बागेत असतात. म्हणून घरं बंद व्हायच्या आत ह्यांना तिकडे पोचायचं असायचं. प्रत्येक घरी त्यांचा एकच प्रश्न असे, मागे कोण राहतंय? आजी राहणार असेल तर पोरगं राहू शकतं. तांदूळ घरचा असतो, रेशनही मिळतं. अडतं ते तेल, डाळ, मिरची, साबण यांच्यावर. मग गावातल्याच किराणा दुकानात त्या आजीच्या नावाने होळीपर्यंतचं खातं उघडून यायचे. पोराच्या हातात रोख पैसे कधी दिले नाहीत. पैसे पाहिले की घरातल्या दुसऱ्या गरजा तोंड उघडतात, त्यात त्या माणसांचा दोष नाही, असं ते म्हणत. जिथे कडेवरचं मूल असेल, तिथे मात्र त्यांचं काही चालायचं नाही. आई बागेत राबणार, तर तान्ह्याला सांभाळायला थोरली मुलगी बरोबर जाणारच. अशा घरून आले की रात्री जेवत नसत.

बाबा, कर्मवीर भाऊराव पाटलांबद्दल तुम्हीच ह्यांच्याशी तासन्‌तास बोलायचात. १९१९ साली सातारा जिल्ह्यातल्या काले गावी त्यांची रयत शिक्षण संस्था निघाली, पुढे वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे तुम्ही पहिल्यांदा सांगितलंत तेव्हा आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. त्या रात्री हे मला म्हणाले, "तुला विचारल्याशिवाय या घरातून कुणाला एक रुपयाही जाणार नाही." शेवटपर्यंत तसंच वागले. पगार झाला की आधी माझ्यासमोर बसायचे, या महिन्यात अमक्याचं काय करायचं, विचारायचे. मी दोनदा नाही म्हटलं असेल, तेही निमूट ऐकलं. लोक मला म्हणतात, तुमचे मिस्टर फार दानशूर होते. मला त्यांचं हे विचारणं जास्त मोठं वाटतं.

प्रेसमध्ये ह्यांची नोकरी तपासणीची. छापून आलेल्या कागदातला बारीकसा दोष शोधायचा, आयुष्यभर तेच काम. तीच नजर घरी पोरांच्या कागदांवर. आठवीत एनएमएमएसची, म्हणजे गरीब घरच्या मुलांसाठीच्या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची, परीक्षा असते. त्यात निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये थेट मुलाच्या खात्यात येतात. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि सातवीत ५५ टक्के हवेत. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना त्यात ५ टक्के सूट. पोरगं परीक्षा पास होतं आणि घोडं कागदावर अडतं. दाखल्यावर पांडुरंग, आधारवर पांडू, बँकेच्या पासबुकात आणखी तिसरंच. हे जेवणाच्या टेबलावर तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडायचे, ओळीखाली पट्टी धरायचे आणि अक्षर अक्षर बोटाने पुढे सरकवत मोठ्याने वाचायचे. वेलांटी चुकलेली दिसली की लाल पेन्सिलीने झेरॉक्सवर गोल. मग रजा टाकून त्या पोराच्या बापाला घेऊन तहसील कचेरीत. सरकारचा पैसा आहे, तो पोरापर्यंत पोचवला की आपला दुसऱ्याला उरतो, हा त्यांचा हिशोब, आणि मला तो आजही बरोबर वाटतो.

म्हणून बाबा, तुमच्या रकमेतून आधी मुलांचे एसटीचे पास काढू. मुलींना बारावीपर्यंत पास फुकट आहे, मुलांना एक तृतीयांश भाडं भरावं लागतं, आणि तेवढ्यासाठी घरी बसलेला मुलगा मी पाहिला आहे. उरेल ते किराणा दुकानांच्या खात्यावर. पाटी, फोटो, हारतुरे काही नको. पास कोणी काढून दिला हे त्या पोराला कळायचीही गरज नाही.

कागद तपासायला मी शिकले आहे. पट्टी धरून बसते. ह्यांच्याइतकं भराभर जमत नाही, पण सुटत काही नाही. गणित मात्र माझ्याच्याने होत नाही. एनएमएमएसला ९०-९० गुणांचे दोन पेपर असतात, एक बुद्धिमत्तेचा, एक शालेय विषयांचा. गणितात आमची पोरं मार खातात. बाबा, तुम्ही इतकी वर्षं आठवीला गणित शिकवलंत. मला सरावाचे कागद काढून द्याल? सोप्यापासून अवघडाकडे, आणि उदाहरणात मॉल, विमान असलं काही नको. क्रेट, मजुरी, एसटीचं भाडं असं घाला.

आई, तू म्हणतेस धुळ्याला ये, एकटी कशाला राहतेस. तुझी काळजी मला समजते. रात्री घर खायला उठतं, ते मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण रविवारी सकाळी बेल वाजते, दारात कुणीतरी पिशवीत कागद घेऊन उभं असतं आणि "काका आहेत का?" विचारण्याऐवजी आता "काकू, जरा बघता का?" म्हणतं. मला इथेच राहायचं आहे.

रामकुंडावरचं सगळं धाकटे दीर बघणार आहेत, त्याची चिंता करू नका. तुम्ही दोघं चार दिवस आधीच या. बाबांना एसटी फुकट, तुला अर्धं तिकीट. बाबा, जुनी भूमितीची पुस्तकं माळ्यावर असतील तर घेऊन या, आणि कंपासपेटीही.

तुमची लेक