बिलं घरात मोठ्याने वाचा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

महागाईवरची पत्रं तुमच्याकडं रोजच येत असतील आणि ती खरीही आहेत, किराणा आणि शाळेची फी बघितली की कुणालाही पटेल. पण मला जरा वेगळं लिहायचंय. हल्ली बऱ्याच घरात बिल डोळ्याला दिसतच नाही. लाईटबिल मोबाईलवर, गॅसचं बुकिंग मोबाईलवर, रिचार्ज मोबाईलवर, आणि हप्ते तर खात्यातून आपोआप कट होतात. सोय चांगलीच आहे, मीपण वापरते, पण होतं काय की सगळा हिशोब घरातल्या एकाच माणसाच्या डोक्यात राहतो आणि बाकीच्यांना नुसतं ‘या महिन्यात टाईट आहे’ एवढंच ऐकू येतं, मग मुलांना वाटतं आपल्याकडं कायमच कमी आहे आणि म्हाताऱ्या माणसांना वाटतं आपलाच भार होतोय.

म्हणून आमच्याकडं पगार झाला की रविवारी जेवणं झाल्यावर सगळे बसतात आणि बिलं मोठ्याने वाचली जातात. वाचायचं काम मुलांचं. लाईटबिलात नुसता खालचा आकडा बघायचा नाही, स्थिर आकार (दर महिन्याचा ठरलेला) किती, वीज आकार (वापरलेल्या युनिटचा) किती, वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा) किती, वर १६ टक्के वीज शुल्क म्हणजे सरकारचा कर, हे सगळं वाचायचं. १०० युनिटच्या पुढं गेलं की पुढच्या युनिटचा दर एकदम चढतो हे पोरांना असंच कळलं, आणि २००० वॉटचा गिझर अर्धा तास चालू राहिला की एक युनिट पडतं हे त्यांनी स्वतः गुणाकार करून काढलं, तेव्हापासून गिझर बंद करायला कुणाला ओरडावं लागत नाही. बिलावर लवकर भरलं तर किती आणि तारीख उलटली तर किती हे दोन्ही आकडे छापलेले असतात, तेही वाचायचे. रीडिंग घेतलं नसेल तर सरासरीने बिल येतं, म्हणून मीटरवरचा आकडा आणि बिलावरचा आकडा जुळतो का हेही एकदा खाली जाऊन बघून यायचं. आणि उन्हाळ्याच्या तोंडाला सुरक्षा ठेवीचं, म्हणजे वीज कंपनीकडं राहणाऱ्या अनामत रकमेचं, वेगळं बिल येतं त्याने कितीतरी जण घाबरतात. वर्षभराच्या वापरावर सरासरी काढून ती ठेव ठरते, वापर वाढला की फरक भरायला सांगतात, आणि त्या ठेवीवर व्याजही मिळतं. हे माहीत असलं की भांडायला जायचं का पैसे बाजूला काढायचे ते ठरवता येतं.

रिचार्जचं तर सांगायलाच पाहिजे. २८ दिवसाच्या प्लॅनला आपण महिन्याचा म्हणतो, पण २८ गुणिले १३ म्हणजे ३६४, म्हणजे वर्षात १३ वेळा पैसे जातात. घरात चार मोबाईल असले की तो तेरावा रिचार्ज चांगलाच जाणवतो, आणि बजेट मात्र बाराच्या हिशोबाने केलेलं असतं. गॅसवाला आला की टाकी वजन करून घ्यायची, आत १४.२ किलो गॅस पाहिजे, रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच लिहिलेलं असतं. मागायला लाजायचं कशाला, तो आपला हक्क आहे.

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. मोठ्याने वाचलं की आपण किती दिले याच्या बरोबरीनं आपल्याला काय मिळालं तेही कळतं. माझ्या सासूबाई माणदेशातल्या, त्यांचं लहानपण विहिरीवरून घागरी आणण्यात आणि रॉकेलच्या चिमणीखाली गेलं. पाणीपट्टी वाचली की त्या दरवेळी म्हणतात, ‘वर्षभराच्या पाण्याला एवढंच व्हय गं?’ आणि मग मुलं विचारतात, आणि मग त्या सांगतात. आमच्याकडं कास तलावाचं पाणी येतं, डोंगरावरनं उताराने, पंपाशिवाय. त्याच आपल्या सातारा जिल्ह्यात माण-खटावला उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी गावं आहेत. आणि दिवा लागतो त्यामागं कोयनेसारखा १९६० मेगावॅटचा प्रकल्प आहे, त्याचं धरण आपल्याच पाटण तालुक्यात आहे, त्यासाठी गावंच्या गावं उठली, ती माणसं आजही आपल्या आसपास आहेत. हे बिल वाचताना मुलांना सांगितलं तर नळ उघडा टाकून जायला त्यांचंच मन होत नाही.

याचा अर्थ गप्प बसून भरत राहावं असा कुणी घेऊ नये. उलट ज्याने बिल नीट वाचलंय त्यालाच ऑफिसात जाऊन ठामपणे बोलता येतं, नुसतं ‘बिल लय आलं’ म्हटलं तर कोण ऐकणार. आणि ते ‘आज रात्री तुमची लाईट कट होणार, या नंबरवर फोन करा’ असले मेसेज येतात ना, त्यात फसतात ती बहुतेक अशीच माणसं ज्यांना आपलं बिल भरलंय का नाही हेच माहीत नसतं. घरातल्या आजी-आजोबांनाही माहीत असलं की बिल भरलेलं आहे तर ते घाबरून लिंक दाबणार नाहीत. तरी पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करायचा, हा नंबर आम्ही फ्रिजवर लिहून लावलाय.

तर माझी विनंती अशी की तुमच्या पेपरात आठवड्यातून एकदा एक बिल समजावून सांगणारा कॉलम सुरू करा. लाईटबिल, पाणीपट्टी, घरपट्टी, विम्याचा हप्ता, एकेक घ्या, प्रत्येक ओळ म्हणजे काय ते साध्या मराठीत लिहा, आणि अक्षर जरा मोठं ठेवा म्हणजे चष्मेवाल्यांनाही वाचता येईल. सुरुवात लाईटबिलापासून करा, आणि जमलं तर मार्चमध्येच करा, म्हणजे ठेवीचं बिल दारात यायच्या आधी लोकांच्या हातात असेल.

आपली,
एक गृहिणी, मंगळवार पेठ, सातारा