नकाशावरची रेघ आणि ‘शांततेची’ पंचेचाळीस वर्षे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतील अमेरिका-सोव्हिएत शीतयुद्धावरचा लेख मी दोनदा वाचला. लेख मेहनतीने लिहिलेला आहे. परंतु तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवल्यामुळे त्यातील दोन विधानांबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. भांडवलशाही आणि साम्यवाद या परस्परविरोधी विचारसरणी असल्याने १९१७ च्या क्रांतीपासूनच हा संघर्ष अटळ होता, हे पहिले विधान. आणि अण्वस्त्रांच्या धाकामुळे जगाला पंचेचाळीस वर्षे शांतता लाभली, हे दुसरे.

विचारसरणी तर १९४१ मध्येही त्याच होत्या. तरीही हिटलरविरुद्ध हे दोन देश एकत्र आले, अमेरिकेने सोव्हिएत संघाला सुमारे ११ अब्ज डॉलरची युद्धसामग्री पुरवली आणि लाल सैन्याच्या कूचीला अमेरिकी ट्रकांचा मोठा हातभार लागला. बिनसले ते युद्ध संपता संपता. सुमारे २ कोटी ७० लाख माणसे गमावलेल्या सोव्हिएत संघाला आपल्या पश्चिम सीमेवर, विशेषतः पोलंडमध्ये, मुठीत राहील असेच सरकार हवे होते. शहरे आणि कारखाने शाबूत राहिलेल्या अमेरिकेला खुला व्यापार आणि खुल्या निवडणुका हव्या होत्या. स्टालिनने पूर्व युरोपात जे केले त्याचे समर्थन मी करणार नाही. पण ‘सुरक्षितता’ या एकाच शब्दाचे दोघांचे अर्थ वेगळे होते, हे समजून न घेता सगळा दोष विचारसरणीच्या माथी मारणे बरोबर नाही.

मुलांना हे शिकवताना मी नेहमी १९४६ सालच्या दोन तारांबद्दल सांगत असे. पहिली तार २२ फेब्रुवारीची, मॉस्कोतील अमेरिकी दूतावासातून जॉर्ज केनन यांनी पाठवलेली, हजारो शब्दांची. रशियन सत्तेच्या मुळाशी जुनी असुरक्षितता आहे आणि तिला तर्काची नव्हे तर बळाची भाषा कळते, असा तिचा आशय. दुसरी सप्टेंबरमधली, वॉशिंग्टनमधील सोव्हिएत राजदूत निकोलाय नोविकोव्ह यांची. बड्या भांडवलदारांच्या हाती गेलेल्या अमेरिकेला साऱ्या जगावर वर्चस्व हवे आहे, असा तिचा सूर. दोघांनीही समोरच्याच्या प्रत्येक हालचालीत त्याचा न बदलणारा स्वभाव पाहिला. एकदा असे ठरले, की माघार घेतली तरी तो डाव वाटतो. त्यानंतरच्या घटना लेखात आल्याच आहेत, त्या मी पुन्हा सांगत नाही. सोव्हिएत विस्तार रोखून धरावा, या आपल्याच सल्ल्याचे लष्करी रूप पाहून केनन यांना पुढे खेद वाटत राहिला, एवढे मात्र लेखात यायला हवे होते.

आता शांततेविषयी. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबात बसवलेल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या कडेला पोहोचले होते, तेव्हा वॉशिंग्टनमधील सोव्हिएत दूतावासातून मॉस्कोला जाणारे सांकेतिक संदेश न्यायला तार कंपनीचा एक मुलगा सायकलवरून येत असे, असे तेथील राजदूत दोब्रिनिन यांनीच नोंदवून ठेवले आहे. त्या मुलाच्या पिशवीत काय होते याची त्याला कल्पनाही नसणार. दोन्ही राजधान्यांमध्ये थेट संपर्कयंत्रणा ठेवण्याचा करार झाला तो जून १९६३ मध्ये, म्हणजे संकट टळून गेल्यावर. हा धाकाचा विजय मानायला माझे मन तयार होत नाही. त्यात नशिबाचा वाटा फार मोठा होता.

आणि ही शांतता कोणासाठी होती? वर्गात युद्धापूर्वीच्या कोरियाचा नकाशा लावला, की एखादा मुलगा हमखास विचारायचा, ‘सर, ही सीमा इतकी सरळ कशी?’ प्रश्न अचूक होता. नद्या-डोंगरांच्या सीमा वळतात. जपान शरण येत असताना त्याच्या ताब्यातील कोरिया अमेरिकी आणि सोव्हिएत सैन्यांत वाटून घेण्यासाठी ही रेघ ऑगस्ट १९४५ च्या एका रात्री वॉशिंग्टनमध्ये डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन अमेरिकी लष्करी अधिकाऱ्यांनी, मासिकाने छापलेला नकाशा समोर ठेवून, जेमतेम अर्ध्या तासात ३८ अंश अक्षांशावर आखली. राजधानी सोल आपल्या बाजूला राहावी एवढे त्यांनी पाहिले. मॉस्कोने ती मान्य केली. शतकानुशतके एक असलेल्या कोरियन लोकांना कोणी विचारले नाही. १९४८ मध्ये तिथे दोन राज्ये झाली, २५ जून १९५० रोजी उत्तरेचे सैन्य ती रेघ ओलांडून आले आणि तीन वर्षांत वीस लाखांहून अधिक माणसे मेली. वॉशिंग्टन आणि मॉस्कोत या काळात एकही बॉम्ब पडला नाही, म्हणून ते ‘शीत’ युद्ध.

या प्रकरणात एका मराठी माणसाचे नाव लेखात यायला हवे होते असे मला मनापासून वाटते. कोरियन युद्धात पकडलेल्या आणि मायदेशी परत जायला नकार देणाऱ्या २२ हजारांहून अधिक कैद्यांची देखरेख भारतीय सैन्याकडे आली, तेव्हा त्या दलाचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी आपल्या भूमीवर भारतीय सैनिकांना पाऊलही ठेवू दिले नाही, म्हणून त्यांना जहाजावरून हेलिकॉप्टरने थेट दोन कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. कैद्यांनी एका भारतीय मेजरला कुंपणाच्या आत ओढून ओलीस ठेवले, तेव्हा थोरात गोळीबाराचा हुकूम न देता स्वतः त्या जमावात गेले आणि त्याला सोडवून घेऊन आले. त्या कैद्यांपैकी ८० हून अधिक जणांनी दोन्हीही बाजू नाकारल्या. ते आपल्या सैनिकांबरोबर बोटीने भारतात आले. ज्या लढ्याला विचारसरणींचा लढा म्हणतात, त्यात या माणसांसाठी जागा नव्हती.

एक दुरुस्ती सुचवतो. कोरियन युद्ध १९५३ मध्ये ‘संपले’ असे लेखासोबतच्या चौकटीत छापले आहे. २७ जुलै १९५३ रोजी झाला तो युद्धविराम. शांतता करार त्यानंतर झालेला नाही. मुले या चौकटी कापून वहीत चिकटवतात, तेव्हा पुढील अंकात ही दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक,
सांगली