गवत कापायलाही वाफसा लागतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरच्या मोठ्या हिरवळीसाठी पहिलं झिरो-टर्न, म्हणजे बसून चालवायचं आणि जागच्या जागी वळणारं गवत कापायचं मशीन कसं निवडावं, यावर आपल्या रविवारच्या पुरवणीत लेख आला होता. आमच्या घरी तो दोनदा वाचला गेला. एकदा मी वाचला आणि एकदा आमच्या ह्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला, कारण त्यात जागोजागी हॉर्सपॉवर होती. इंजिन किती ताकदीचं, वेग किती, डेक (पाती झाकणारा खालचा पत्र्याचा भाग) किती इंची, खुर्ची कशी मऊ, सगळं होतं. मशीन चालणार ती जमीन कोणती, हे मात्र एका ओळीतही नव्हतं. मी ३१ वर्षं शाळेत भूगोल शिकवला आहे. ही चूक दिसली की लाल पेन आपोआप हातात येतो.

नागपूरजवळ फेटरीच्या पुढे, काटोल रोडपासून थोडं आत, आमचं दीड एकराचं आवार आहे. त्यात घर, २२ झाडं आणि साधारण ३० गुंठे हिरवळ. (नागपुरात ‘लॉन’ म्हटलं की समोरचा लगेच लग्नाची तारीख विचारतो, म्हणून हिरवळ म्हणते.) एवढ्या गवताला उन्हाळ्यात पाणी कुठून घालता, असं कुणी विचारण्याआधी सांगते: घालत नाही. साधी हरळी आहे. मे महिन्यात पिवळी पडते, मी पडू देते. मृगाचे चार पाऊस झाले की ती आपली आपण उठते.

मशीनची गरज खरीच होती. २१ इंची ढकलायच्या मशीनने ३० गुंठे कापायचे म्हणजे सहा किलोमीटरांची चाल. ह्यांचे दोन्ही गुडघे आता जिना उतरतानाही कुरकुरतात. ४२ इंची मशीनवर बसून तेच काम तीन किलोमीटरांत आणि वळणं धरून पाऊण तासात होतं. त्यात २२ झाडं. स्टिअरिंगच्या लॉन ट्रॅक्टरला प्रत्येक बुंध्यापाशी मागेपुढे करावं लागतं, झिरो-टर्न बुंध्याला प्रदक्षिणा घालून निघतं. तेव्हा मी या मशीनच्या विरोधात नाही. ते आज माझ्या शेडमध्ये उभं आहे आणि बहुतेक वेळा मीच चालवते.

पण ते वळतं कसं, हे घेणाऱ्याने आधी समजून घ्यायला हवं. माझे वडील कास्तकार होते. बंडी जागच्या जागी वळवायची तर आतला बैल थोपवायचा आणि बाहेरचा चालता ठेवायचा. इथे मागची दोन चाकं म्हणजे ते दोन बैल. प्रत्येक चाकाला आपलं स्वतंत्र हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन (इंजिनाची ताकद तेलाच्या दाबाने चाकापर्यंत नेणारं) आणि आपला स्वतंत्र दांडा. डावा दांडा पुढे आणि उजवा मागे केला की मशीन जागेवर गिरकी घेतं. पुढची दोन चाकं ऑफिसच्या खुर्चीच्या चाकांसारखी, नेतील तिकडे जाणारी. त्यांना वळवण्याशी काही देणंघेणं नाही. म्हणजे पुढे जाणं, वळणं आणि थांबणं ही तिन्ही कामं मागच्या दोन चाकांवर. त्यांची पकड सुटली की तुमच्या हातात दोन दांडे राहतात, बाकी काही नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. ऑगस्टमध्ये एका विक्रेत्याने आमच्याकडे मशीन आणून दाखवलं. त्यालाही आधी राजी करावं लागलं. त्याला दुकानापुढच्या फरशीवर गिरक्या घेऊन दाखवायच्या होत्या. मी म्हटलं, फरशीवर माझं गवत उगवत नाही. मशीन आलं, सोबत एक तरतरीत पोरगा आला. घरासमोरच्या सपाटीवर त्याने अशी हिरवळ कापली की ह्यांनी मनातल्या मनात चेक लिहून टाकला. मग तो नाल्याकडच्या उताराला लागला. सकाळी सर येऊन गेली होती. उतरताना सगळं वजन पुढच्या चाकांवर गेलं, मागची हलकी झाली. पोराने दोन्ही दांडे पोटाशी ओढले. चाकं उलटी फिरताना मला स्पष्ट दिसत होती, गवताचे तुकडे पुढे उडत होते आणि मशीन मात्र शांतपणे नाल्याकडे घसरत होतं. वाटेत करंजाचं झाड होतं म्हणून थांबलं. पोरगा पांढराफटक. ‘काकू, म्या तं दोन्ही दांडे वढले जी, मशीनच आयकेना,’ एवढंच म्हणाला. त्याला लागलं नाही. करंजाची साल मात्र वीतभर सोलली, ती खूण अजून आहे. विक्रेत्याने फोनवर मलाच सांगितलं, ‘मॅडम, उतारावर कशाला नेलं?’ त्याच्याच माहितीपत्रकावर डोंगरउतारावर मशीन चालवणाऱ्या हसऱ्या माणसाचा फोटो होता.

त्या संध्याकाळी मी शाळेतली जुनी कंपासपेटी काढली. कोनमापकाच्या मधल्या भोकात दोरा ओवला, टोकाला एक नट बांधला. पाच फुटी सरळ फळी उतारावर ठेवली, कोनमापक गोल बाजू खाली करून, सरळ कड फळीच्या वरच्या कडेशी जुळवून धरलं आणि दोरा कुठे थांबतो ते बघितलं. नव्वद अंशांपासून जेवढा सरकला तेवढा उतार. समोरची हिरवळ ३ अंश. आंब्याच्या बाजूला ७. नाल्याकडे १८. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत १५ अंशांच्या वर चालवू नका असं छापलेलं असतं, काहींत १० च. आणि तेही कोरड्या गवतावर. ही पुस्तिका मशीनसोबत, म्हणजे पैसे भरल्यानंतर, हातात पडते. आधी मागून घ्या.

आता ज्या मुद्द्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं तो. पहिलं गवत कापायचं यंत्र १८३० मध्ये इंग्लंडमध्ये एडविन बडिंगने काढलं, तेही कापड गिरणीत लोकरीचे तंतू छाटायचं यंत्र बघून. (सासरे एम्प्रेस मिलमध्ये होते. त्यांना हे सांगायला हवं होतं, राहून गेलं.) आजचं दोन दांड्यांचं झिरो-टर्न मात्र १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये आकाराला आलं. सपाट, गव्हाचा मुलूख. नागपूरच्या पश्चिमेला आपल्या पायाखाली दख्खनचा बेसाल्ट आहे आणि त्याच्यावर त्याचीच झिजून झालेली काळी माती. पाणी पिऊन फुगणारी, उन्हात हात जाईल एवढी फाटणारी. वर्षाचा जवळपास सगळा पाऊस आपल्याकडे जून ते सप्टेंबरात पडतो. हरळीही तेव्हाच वाढते. म्हणजे गवत कापायची गरज नेमकी ज्या महिन्यांत, त्याच महिन्यांत जमीन मशीन पेलायला तयार नसते. घरगुती झिरो-टर्न तीनशे किलोंच्या आसपास, त्यावर बसलेला माणूस वेगळा. ओल्या काळ्या मातीत त्याची चाकोरी उमटते, ती दिवाळीत वाळून दगडासारखी होते आणि मग तिच्यावर पाय मुरगळतो. माझा मुरगळला आहे.

कास्तकार ओल्यात औत घालत नाही, वाफशाची, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी होण्याची, वाट बघतो. मी तेच करते. चार बोटं खोलवरची मूठभर माती घ्यायची, दाबून लाडू वळायचा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडायचा. फुटला तर मशीन काढायचं. तसाच राहिला, किंवा बोटांना चिकटला, तर शेडला कुलूप. वाफसा यायला कधी तीन दिवस लागतात, कधी आठ. तोवर गवत वाढतं, वाढू द्यावं. मग पहिल्या फेरीला डेक उंच ठेवून वरचा एक तृतीयांश कापायचा आणि चार दिवसांनी खाली आणायचा. एकदम बुडाशी लावलं की ओलं गवत डेकखाली लगद्यासारखं गच्च बसतं आणि हरळी पिवळी पडते ती वेगळीच. आणि जागेवरची गिरकी, जिच्यासाठी लोक पैसे मोजतात, ती ओलसर जमिनीवर विसरायची. आतलं चाक एकाच जागी घासत फिरलं की हरळीचा पापुद्रा निघतो. दोन्ही चाकं थोडीतरी फिरती ठेवून, मागेपुढे घेत वळावं.

एकदा हे पटलं की निवड सोपी होते. ह्यांना ५४ इंची डेक हवा होता. मी टेप घेऊन फाटकापाशी गेले. घर आणि पाण्याची टाकी यांच्यामधलं फाटक साडेचार फुटी, म्हणजे ५४ इंच. डेकचा आकडा हा कापण्याचा असतो. बाजूला गवत फेकणारी चूट धरली की ४२ इंचीसुद्धा ५० च्या पलीकडे जातं. ५४ इंची घेतलं असतं तर ते फाटकाबाहेरच नांदलं असतं. शिवाय जमीन उंचसखल असेल तर रुंद डेक उंचवट्यावर गवत मुळापासून खरवडतो. ४२ वर शिक्कामोर्तब झालं. डेक वेल्डिंग करून बांधलेला घेतला, पत्रा दाबून काढलेला नाही. इथे एक गंमत: पत्र्याचा गेज जितका कमी तितका पत्रा जाड. ‘बाकीच्यांचा १० गेज, आमचा १३ गेज आहे, मॅडम,’ असं एकाने मला अभिमानाने सांगितलं होतं.

ट्रान्समिशन सीलबंद आहे की तेल आणि फिल्टर बदलता येणारं, हे विचारा. सीलबंद स्वस्त पडतं, पण मोठी हिरवळ आणि आपला उन्हाळा बघता मी दुसरं घेतलं. रोल-बार, म्हणजे मशीन उलटलं तर माणसाला वाचवणारी खुर्चीमागची कमान, घेतलाच. घरगुती मशीनवर तो असतोच असं नाही. बार उभा असेल तर खुर्चीचा पट्टा बांधायचा आणि बार पाडलेला असेल तर बांधायचा नाही, हे मला विकणाऱ्यांपैकी एकानेही सांगितलं नाही. इंजिन बंद पडलं तर मशीन ढकलण्यासाठी मागे बायपासचे दोन खटके असतात. ते कुठे आहेत ते घेतानाच हाताने चाचपून बघा. हिरवळीच्या मधोमध बंद पडल्यावर शोधू नका.

पेट्रोलचं मात्र कोडं आहे. माझ्या इंजिनाच्या पुस्तिकेत इथेनॉल १० टक्क्यांपर्यंत चालेल असं स्पष्ट छापलं आहे. आपल्या पंपावर मिळतं ते २० टक्क्यांचं. मी हे विक्रेत्याला विचारलं तर तो हसला आणि म्हणाला, ‘सगळे तेच टाकतात, काकू.’ सगळे टाकतात हे उत्तर नव्हे. वॉरंटीच्या कागदावर तो सही करून देतो का, विचारलं तेव्हा हसू थांबलं. सध्या मी लागेल तेवढंच पेट्रोल आणते आणि दिवाळीनंतर मशीन विसाव्याला ठेवताना टाकी रिकामी करून, कार्ब्युरेटरमधलं संपेपर्यंत इंजिन चालवते. इथे आपल्या वर्तमानपत्राची मदत होईल. एवढ्या किमतीचं यंत्र विकणाऱ्यांना हा एक प्रश्न जाहीरपणे विचारा.

आणि पाती फिरवणारा पट्टा. दुकानात गेल्यावर मी एकच सांगायचे, डेकचा सुटा पट्टा आणि पात्यांचा सुटा जोड आत्ता काढून दाखवा. दोघांनी ‘पुण्याहून आठ दिवसांत येईल’ म्हटलं. श्रावणातल्या आठ दिवसांत हरळी काय करते ते त्यांना ठाऊक नसावं. तिसऱ्याने फळीवरून काढून समोर ठेवला. मशीन त्याच्याकडून घेतलं. त्याच्या इंजिनाची ताकद बाकीच्यांपेक्षा दोन हॉर्सपॉवरने कमी आहे, हे ह्यांच्याकडून मला आठवड्यातून एकदा ऐकायला मिळतं.

नाल्याकडच्या १८ अंशांवर मशीन नेत नाही. आमच्याकडे कामाला येणारे दादा तिथे खांद्यावरच्या ब्रश कटरने कापतात. पाच अंशांचा कोन कमी करायला जेसीबी बोलावू का, असं मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, ‘काहून जी? तिथं गवतच काहून पायजे?’ हा प्रश्न ३१ वर्षं भूगोल शिकवून मला सुचला नव्हता. यंदा जूनमध्ये त्या उतारावर आडव्या ओळींत वाळा लावला. त्याची मुळं सरळ खोल जातात आणि माती धरतात. दोन वर्षांनी कूलरच्या ताट्यांपुरता वाळा घरचा निघेल असा ह्यांचा हिशेब आहे. माझा तेवढा भरवसा नाही.

पत्र लांबलं, कात्री लावावी लागली तर पट्टा आणि गेज काढा, उतार आणि माती ठेवा. आज सकाळी हिरवळीवर जाऊन आले. लाडू फुटला नाही, चप्पल जड होऊन परतली. गवत करंगळीएवढं झालं आहे. शेडची किल्ली ह्यांनी तीनदा मागितली.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका
काटोल रोड, नागपूर