घोषणा पहिल्या पानावर, पण मुदत संपते तेव्हा बातमी कुठे असते?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पत्र थोडं लांबलंय, पण विषय तसा आहे म्हणून शक्य असेल तर न कापता छापावं ही विनंती.

कुठल्याही देशाचं सरकार घ्या, 'अमुक सालापर्यंत अमुक करून दाखवू' असं जाहीर केलं की दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर मोठी बातमी, मंत्र्यांचा फोटो, आत अग्रलेख. आणि ते साल उजाडतं तेव्हा? तेव्हा एक ओळसुद्धा नसते. घोषणा ही बातमी आणि घोषणेचं पुढे काय झालं ती मात्र बातमी नाही, हे मला वर्षानुवर्षं पेपर वाचताना खटकत आलंय आणि माझ्या मते सरकारं शब्द पाळतात की नाही याचा निम्मा निकाल इथेच लागतो.

आधी एक गैरसमज दूर करतो. हा विषय काढला की लोक लगेच म्हणतात, सगळे सारखेच हो, आश्वासनं द्यायची नि विसरायची. तसं नाहीये. २०१७ साली राज्यशास्त्राच्या काही अभ्यासकांनी एकत्र येऊन १२ देशांतल्या ५७ निवडणुका आणि त्यातली २० हजारांहून जास्त आश्वासनं एकेक करून तपासली, आणि त्यात दिसलं की सत्तेत आलेले पक्ष बरीच आश्वासनं पूर्ण किंवा निदान अर्धवट तरी पाळतात. एकाच पक्षाचं सरकार असेल तर जास्त, आघाडी असेल तर कमी, कारण तिथे दुसऱ्याशी जुळवून घ्यावं लागतं. म्हणजे शब्द पाळला जातो. प्रश्न एवढाच की कुठला पाळला जातो आणि कुठला हवेत विरतो, आणि मला वाटतं त्यात एक ठरलेला पॅटर्न आहे.

एक उदाहरण जरा खोलात जाऊन सांगतो कारण त्यात सगळंच आहे. मार्च १९९९ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी एका भाषणात जाहीर केलं की एका पिढीत, म्हणजे २० वर्षांत, देशातली बालदारिद्र्याची समस्या संपवू. नुसतं एवढंच बोलून थांबले असते तर ते भाषण विसरलं गेलं असतं. पण त्यांनी मधले टप्पे ठेवले, २००४-०५ पर्यंत गरीब मुलांची संख्या चौथ्या हिश्शानं कमी, २०१० पर्यंत निम्मी. गरीब कोण हेही ठरलेलं होतं, देशातल्या मधल्या कुटुंबाचं जे उत्पन्न त्याच्या ६० टक्क्यांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या घरातलं मूल. पहिला टप्पा हुकला, दुसराही हुकला. पण त्या टप्प्यांच्या दडपणाखाली सरकारनं दरवर्षी पैसे घातले, गरीब कुटुंबांना करसवलतीच्या रूपानं मदत दिली, आणि लाखो मुलं त्या रेषेच्या वर आली. लक्ष्य हुकलं तरी काम झालं, हे लक्षात घ्या, कारण आपण 'फेल' असा शिक्का मारून मोकळे होतो.

मग २०१० मध्ये याचा थेट कायदाच झाला, मोठ्या पक्षांच्या पाठिंब्यानं. २०२० पर्यंत या रेषेखालची मुलं १० टक्क्यांच्या आत आणायची, असं कायद्यात आकड्यासकट लिहिलं. आता तर दगडावरची रेघ असं वाटलं असेल लोकांना. पण सरकार बदललं, आणि २०१६ मध्ये दुसरा कायदा करून ती लक्ष्यंच काढून टाकली, जुन्या कायद्याचं नावही बदलून टाकलं. म्हणजे २०२० आलं तेव्हा मोडायला वचनच शिल्लक नव्हतं! कोणी शब्द मोडला असं म्हणता येत नाही, कारण मुदतीच्या चार वर्षं आधीच तो पुसलेला होता. मला सगळ्यात जास्त राग येतो तो या प्रकाराचा. हुकणं समजू शकतो, पण मुदत यायच्या आत पाटी पुसून ठेवणं हा त्या मुलांवर अन्याय आहे.

एकच गोष्ट बचावली. त्यांच्या वरिष्ठ सभागृहानं हट्ट धरला म्हणून दरवर्षी आकडे प्रसिद्ध करायचं बंधन कायद्यात राहिलं. त्यामुळे आजही कोणालाही बघता येतं की किती मुलं त्या रेषेखाली आहेत. लक्ष्य गेलं पण मोजमाप राहिलं, आणि दोन्हीतलं एकच वाचवता येणार असेल तर मोजमापच वाचवावं असं माझं ठाम मत झालंय. मोजमाप असलं की लक्ष्य कधीही परत मांडता येतं, पण आकडेच बंद झाले तर पुढच्या सरकारला सुरुवातच करता येत नाही.

न्यूझीलंडनं २०१८ मध्ये याच विषयावर कायदा केला तो वेगळ्या पद्धतीनं. तिथे कायद्यात आकडा घातला नाही, तर जे कोणतं सरकार येईल त्यानं स्वतःची ३ वर्षांची आणि १० वर्षांची लक्ष्यं जाहीर करायची, मोजायचं काम सरकारच्या नाही तर स्वतंत्र सांख्यिकी प्रमुखाच्या हातात, आणि बजेटच्या दिवशी प्रगती सांगायचीच असं बंधन. पुढे तिथेही काही लक्ष्यं हुकली, सरकार बदललं आणि नव्या सरकारनं काही आकडे सैल केले. पण ते उघडपणे करावं लागलं, त्यावर संसदेत नि पेपरात चर्चा झाली. मला हेच हवंय. परिस्थिती बदलते, साथ येते, युद्ध होतं, तिजोरीत खडखडाट होतो, अशा वेळी सरकारला शब्द बदलायची मुभा असायलाच हवी, पण बदललाय हे सांगायला हवं, का बदलला ते सांगायला हवं आणि नवी तारीख द्यायला हवी.

याच्या उलट लांबच्या तारखेचं वचन, जसं की अमुक सालापर्यंत कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणू. २०५०, २०६०, २०७०. ज्यांनी ते दिलं ते तेव्हा खुर्चीत नसणार हे देणाऱ्यालाही माहीत असतं आणि ऐकणाऱ्यालाही. म्हणून नुसत्या लांबच्या तारखेला मी वचन मानतच नाही, त्याच्या अलीकडची पहिली तारीख कुठली ते विचारतो. ब्रिटनच्या २००८ च्या हवामान कायद्यात ही अडचण ओळखून दर ५ वर्षांचं 'कार्बन बजेट' (त्या ५ वर्षांत देशानं एकूण किती उत्सर्जन करायचं याची मर्यादा) ठेवलंय, आणि एक स्वतंत्र समिती दरवर्षी संसदेला प्रगतीचा रिपोर्ट देते त्याला सरकारला उत्तर द्यावंच लागतं. त्या जोरावर लोक कोर्टात गेले आणि २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये हायकोर्टानं सरकारचा आराखडा कायद्यात बसत नाही असं सांगितलं. २०५० ची वाट बघावी लागली नाही.

आंतरराष्ट्रीय करारांतही हेच दिसतं. ओझोनच्या थराला भोक पाडणारी रसायनं बंद करायचा मॉन्ट्रियल करार १९८७ चा. त्यात कुठलं रसायन कुठल्या सालापर्यंत किती टक्के कमी करायचं याचं वेळापत्रक होतं, दरवर्षी आकडे कळवायचे होते, जे देश करारात नाहीत त्यांच्याशी या मालाचा व्यापार करायचा नाही असं होतं, आणि गरीब देशांच्या कारखान्यांना यंत्रं बदलायला वेगळा निधी उभा केला गेला. आज त्यातली जवळपास ९९ टक्के रसायनं वापरातून गेलीत आणि जगातले झाडून सगळे देश त्यात आहेत. आता दुसरीकडे बघा, २०१० मध्ये जपानमध्ये जैवविविधतेची २० लक्ष्यं ठरली, मुदत २०२०. त्यातलं एकही, परत सांगतो, जगाच्या पातळीवर एकही लक्ष्य पूर्णपणे साध्य झालं नाही, हे संयुक्त राष्ट्रांच्या स्वतःच्याच अहवालात आहे. सही करणारे देश बरेचसे तेच. हेतू काही वेगळे नव्हते. पण पहिल्या करारात कोण, किती, कधी, पैसे कुठून हे सगळं होतं आणि दुसऱ्यात 'कमी करावे', 'जागरूकता वाढवावी' अशा शब्दांची गर्दी होती, आणि नाही केलं तर काय याचं उत्तर नव्हतं.

पैशाचं तर विचारूच नका. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत गरीब देशांना द्यावी हा संयुक्त राष्ट्रांचा ठराव १९७० चा आहे, आणि पन्नासहून जास्त वर्षं झाली तरी नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्कसारखे मोजके देश सोडले तर बाकीचे तिथपर्यंत पोचले नाहीत किंवा पोचून परत घसरले. ब्रिटननं २०१५ मध्ये त्याचा कायदा केला, २०२१ मध्ये आकडा ०.५ वर आणला. कायदा मोडला का? नाही, कारण कायद्यातच लिहिलेलं की लक्ष्य हुकलं तर मंत्र्यानं संसदेपुढे निवेदन ठेवावं, बस्स. आफ्रिकेतल्या देशांनी २००१ मध्ये अबुजा इथे ठरवलं की बजेटचा १५ टक्के हिस्सा आरोग्यावर खर्च करू, तेही फार थोड्यांना जमलं. ज्या वचनाचा त्या वर्षीच्या बजेटमध्ये रकाना नाही ते वचन अर्थखात्यापर्यंत पोचलेलंच नाही असं मी धरून चालतो.

भारताच्या संसदेत यासाठी एक चांगली यंत्रणा आहे आणि ती कितीतरी लोकांना माहीतच नाही. मंत्री सभागृहात उत्तर देताना 'बघतो', 'चौकशी करतो', 'विषय विचाराधीन आहे' असं बोलले की ती वाक्यं कामकाजातून वेगळी काढली जातात, आश्वासन म्हणून त्यांची नोंद होते, आणि ते साधारण ३ महिन्यांत पूर्ण करून सभागृहापुढे ठेवायचं असतं. यावर लक्ष ठेवायला सरकारी आश्वासन समिती आहे, लोकसभेत १९५३ पासून आणि राज्यसभेत १९७२ पासून. नाही जमलं तर मंत्रालयाला मुदतवाढ मागावी लागते, किंवा हे आश्वासन वगळा अशी विनंती करावी लागते, आणि समिती ती नाकारूही शकते. मुदतवाढीवर मुदतवाढ घेत काही आश्वासनं वर्षानुवर्षं पडून राहतात हेही खरं, पण निदान पडून आहेत याची नोंद तर आहे! समितीचे अहवाल सार्वजनिक असतात. ते उघडून बघितले तर कुठलं मंत्रालय किती वेळा मुदत मागतंय, काय कारण देतंय हे सगळं समोर येतं. आणि या अहवालांवर पेपरात किती बातम्या येतात? मला तरी क्वचितच दिसतात.

म्हणून संपादक महोदय, माझी मागणी सरकारकडे नाही, तुमच्याकडे आहे.

कुठल्याही सरकारनं मोठी घोषणा केली की बातमीच्या खाली छोट्या चौकटीत एवढंच द्या की हे काम कुठल्या खात्याचं, यंदाच्या बजेटमध्ये त्याला पैसे आहेत का, पहिला टप्पा कुठल्या तारखेला येतो (तो याच सरकारच्या कार्यकाळात आहे का तेही), आणि काम झालं की नाही ते सरकारबाहेरचं कोण तपासणार. यातल्या एखाद्या प्रश्नाला उत्तर नसेल तर 'उत्तर मिळालं नाही' असं स्पष्ट छापा, जागा रिकामी सोडू नका. आणि ती तारीख एका नोंदवहीत टाका. ही नोंदवही एखाद्या बातमीदाराची नको, कारण त्याची बीट (नेमून दिलेलं क्षेत्र) बदलते, तो नोकरी बदलतो, मग विषय त्याच्याबरोबर जातो, ती डेस्कची, म्हणजे संपादकीय विभागाची असावी. तारीख आली की घोषणा ज्या पानावर छापली होती त्याच पानावर, तेवढ्याच आकारात, पुढे काय झालं ते छापा. काम झालं असेल तर तेही तितक्याच मोठ्या अक्षरात, कारण शब्द पाळणाऱ्या अधिकाऱ्याला नि मंत्र्याला त्याचं श्रेय मिळालं नाही तर पुढच्यानं कशासाठी जिवाचं रान करायचं? आणि आधीच्या सरकारची तारीख नव्याच्या काळात येत असेल तर दोघांनाही विचारा.

यात विरोधी पक्षाची बाजू घेतल्यासारखं होईल अशी भीती तुमच्यातल्या कोणाला वाटत असेल तर ती नको, कारण नोंदवही सगळ्यांसाठी सारखी आणि तारखा सरकारांनीच दिलेल्या. आपण फक्त आठवण ठेवायची.

सुरुवात कुठून करायची तेही सांगतो. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांत सगळ्या देशांनी मिळून १७ शाश्वत विकास ध्येयं आणि त्याखाली १६९ लक्ष्यं मान्य केली, बहुतेकांची मुदत २०३०. पण त्यातल्या काहींची मुदत २०२० होती, ती कधीच संपली. त्या लक्ष्यांचं काय झालं हे पहिल्या चौकटीत येऊ द्या. जुनी कात्रणं मी जपून ठेवलीत, लागली तर पाठवतो.

आपला,
एक नियमित वाचक