अंगठ्याचे साडेचारशे रुपये

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
नागपूर

विषय : घरपोच नोटरी सेवेचे न सांगता लावलेले आकार परत मिळण्याबाबत.

महोदय,

मी नेर तालुक्यातल्या (जि. यवतमाळ) एका खेड्यात राहतो. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारस नोंद करायची होती, त्यासाठी तलाठी कार्यालयात आईचं प्रतिज्ञापत्र द्यायचं होतं. खुब्याचं हाड मोडल्याने आई खाटेवरच आहे. म्हणून तुमच्याकडे घरपोच नोटरी मागवली. फोनवर तुमच्या मॅडम "सहाशे रुपये" म्हणाल्या. मी दोनदा विचारलं, "सगळे मिळून?" त्या "हो" म्हणाल्या.

बिल आलं 3940 रुपयांचं. सेवा 600, नागपूरहून जाण्या-येण्याचा प्रवास 340 किलोमीटरचे 2040, ग्रामीण भाग आकार 350, स्टॅम्प 500 आणि अंगठ्याचे 450.

अंगठ्याचं आधी सांगतो. आईचा जन्म निंदण-वेचणीत गेला, अंगठ्यावरच्या रेघा पुसल्यासारख्या झाल्यात. पहिला ठसा नुसता काळा डाग उठला, दुसरा फिसकटला. नोटरी म्हणून आलेल्या वकीलसाहेबांनी स्वतः ओल्या फडक्यानं तिचं बोट पुसलं, तेव्हा तिसरा जमला. त्याचे एका ठशाला दीडशे! आईला सांगितलं तर म्हणते, "अंगठ्याचेबी पैसे लागतेत काय रे बाप्पा?"

प्रवासाचं तर नवलच. कागदावरच्या शिक्क्यात नोटरीचं कार्यक्षेत्र नेर लिहिलंय, आणि वकीलसाहेब चहा घेताना म्हणाले की ते नेरहूनच मोटरसायकलने आले. ते अंतर 16 किलोमीटर. मग नागपूरहून कोण आलं? नियमाप्रमाणे नोटरीला किलोमीटरमागे प्रवासभत्ता घेता येतो, तो मी 32 किलोमीटरचा आनंदाने देईन.

स्टॅम्पचे 500 कशाचे? सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. आमचं प्रतिज्ञापत्र साध्या लेजर पेपरवरच आहे, स्टॅम्प पेपर कुठेच लावलेला नाही. वरून तुमच्या कार्यालयाचा मुलगा फाईल काखेत धरून उभा. पैसे आल्याशिवाय मूळ प्रत देईना. मी शेजाऱ्याकडून उसने घेऊन फोनवरून भरले. वकीलसाहेबांबद्दल माझी तक्रार नाही, माणूस भला होता.

तुमच्या कार्यालयाला फोन केला तर "अटी-शर्तींमध्ये लिहिलं आहे" एवढंच उत्तर मिळालं. आमच्याकडे कापूस वेचायला बाया बोलावल्या तर किलोचा भाव आधी ठरतो, मग त्या ओटी बांधतात. संध्याकाळी काटा झाल्यावर कोणी नवा भाव काढत नाही. आधी कमी किंमत सांगून मागून आकार चढवायची ही पद्धत केंद्राच्या 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांत ‘ड्रिप प्रायसिंग’ म्हणून अनुचित ठरवली आहे.

तरी अंगठा, स्टॅम्प आणि ग्रामीण आकाराचे 1300 रुपये परत करावेत, आणि प्रवासाचा हिशेब नेरपासून धरून उरलेली रक्कम द्यावी. शिवाय नोटरीची सही असलेली फीची पावती पाठवावी. नोटरी नियम, 1956 प्रमाणे ती देणं बंधनकारक आहे आणि मला ती मिळालेली नाही. नोटरीला त्यातले किती पोचले, तेही मग कळेल.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवून यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. तिथे एवढ्या रकमेच्या तक्रारीला फी लागत नाही.

आपला ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, पैसे भरल्याचा संदेश, शिक्का दिसेल असा प्रतिज्ञापत्राचा फोटो.